डॉक्टरांना 'हे कशावरून?' असं विचारायचं कसं

तुमची अडचण मला कळली ती अशी. सोलापुरातल्या एका दैनिकात नुकत्याच रुजू झालात, पदवी कॉमर्सची, आणि संपादकांनी आरोग्य बीट, म्हणजे आरोग्याच्या बातम्यांची जबाबदारी, दिली. डॉक्टरांना भेटायला गेलं की ते पाच मिनिटांत भराभर बोलून मोकळे होतात. त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं, परत विचारायला संकोच वाटतो, आणि ऑफिसात येऊन वही उघडली की हाती उरतं 'नागरिकांनी घाबरून न जाता काळजी घ्यावी'. मुलाखतीची तयारी कशी करायची, प्रश्न आधी पाठवायचे का, आणि 'छापण्याआधी मला दाखवा' म्हणाले तर काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

वैद्यकीय ज्ञान कमी पडतं म्हणून असं होतं, असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. कॉमर्सवाल्यांनी केलेल्या उत्तम आरोग्य बातम्या मी वाचल्यात, आणि वैद्यकीय पदवी घेऊन पत्रकारितेत आलेल्यांनीही 'काळजी घ्यावी'वरच बातमी संपवलेली पाहिलीय. गडबड वेगळी आहे. आपण डॉक्टरांकडे जातो ते प्रतिक्रिया मागायला, नगरसेवकाकडे जातो तसं. प्रतिक्रिया मागितली की प्रतिक्रियाच मिळते. डॉक्टरांकडून खरं म्हणजे तीन गोष्टी काढून घ्यायच्या असतात: त्यांना काय माहीत आहे, ते कशावरून माहीत आहे, आणि त्यांची माहिती कुठपर्यंत पोचते. पहिली गोष्ट सगळेच विचारतात. दुसरी आणि तिसरी विचारायची तुम्हाला हिंमत होत नाहीये, एवढंच.

ही हिंमत न होणंही साहजिक आहे. हे डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं गाव. १९१० साली इथं जन्मलेला माणूस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला जातो, जखमी सैनिकांवर उपचार करत राहतो आणि १९४२ मध्ये तिथंच मरण पावतो, ही गोष्ट इथं शाळेपासून कानावर पडते. त्यात धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडची माणसं उपचाराला सोलापूर गाठतात. डॉक्टरांसमोर 'साहेब, हे कशावरून?' असं म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. ते तसं वाटू न देता विचारता येतं.

त्याआधी एक कबूल करते. मी सांगते ते सगळं रोज जमणार नाही. संध्याकाळी सातच्या आत दीडशे शब्द द्यायचे असतील तेव्हा आणि रविवारच्या पुरवणीसाठी आठवडा हाताशी असेल तेव्हा मुलाखती वेगळ्याच होतात. सरकारी डॉक्टरांना वरिष्ठांच्या परवानगीशिवाय माध्यमांशी बोलता येत नाही, खासगी डॉक्टरांना येतं. तुमचा संपादक 'डॉक्टर म्हणाले ना, लाव' या पंथाचा आहे की दोन फोन जास्त करू देणारा आहे, यावरही बरंच अवलंबून आहे.

आता मुद्द्याचं. मुलाखत चांगली होणार की नाही, हे निम्मं तर कोणाला भेटायचं यावरच ठरतं. डेंग्यूचं उदाहरण घेते, कारण पावसाळा लागला की ते तुमच्या टेबलावर येणारच आहे. पूर्व भागातले एक फिजिशियन म्हणतात, 'वॉर्ड डेंग्यूनं भरलाय.' महापालिकेचा आरोग्य विभाग म्हणतो, रुग्ण मोजकेच. नवा रिपोर्टर लगेच मनातल्या मनात 'आकड्यांची लपवाछपवी' असा मथळा बांधतो. लपवाछपवी असेलही. पण आधी दोघांना एकच प्रश्न विचारा: डेंग्यू म्हणजे तुम्ही काय मोजलं?

फिजिशियनकडे बहुतेक वेळा रॅपिड कार्डवरची एनएस-१ चाचणी, म्हणजे रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी झटपट चाचणी, झालेली असते. तासाभरात निकाल, उपचार सुरू. डेंग्यू नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमांत मात्र रॅपिड कार्डवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण 'संभाव्य' धरतात, आणि प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीच्या चाचणीत आलेला 'निश्चित'. त्यात दिवसांचाही खेळ आहे. एनएस-१ तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं, आयजीएम, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, साधारण पाचव्या दिवसानंतर. चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी केली तर डेंग्यू असूनही कागदावर निगेटिव्ह. वर आणखी एक गोष्ट: सोलापुरात दाखल झालेला रुग्ण अक्कलकोट तालुक्यातला किंवा कर्नाटकातला असेल, तर तो शहराच्या आकड्यात धरायचा नसतो. म्हणजे 'वॉर्ड भरलाय' हेही खरं आणि 'शहरात मोजकेच' हेही खरं, असं होऊ शकतं. आणि ही बातमी लपवाछपवीच्या मथळ्यापेक्षा मोठी आहे, कारण खासगी दवाखान्यातल्या किती जणांचे नमुने एलायझासाठी पुढे जातात, हा खरा प्रश्न त्यातूनच निघतो.

यातून लक्षात घ्यायचं ते हे की प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या खिडकीतून बघतो. फिजिशियनला दाखल झालेले पेशंट माहीत असतात, मायक्रोबायॉलॉजीवाल्यांना चाचणीची ताकद आणि कमजोरी, महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांना नोंद. मलेरिया खात्याच्या कर्मचाऱ्याला कुठल्या गल्लीत कुठल्या बॅरलमध्ये अळ्या सापडतात ते माहीत असतं. त्याची मुलाखत कोणी घेत नाही. आणि साथ का पसरते हे समजून घ्यायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयातला पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) विभाग गाठायचा, म्हणजे जनऔषधवैद्यकशास्त्रवाले. आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, पण रिपोर्टर त्याच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागाच्या पुढं जात नाहीत. पीएसएमच्या लोकांकडे ओपीडीची गर्दी नसते, शिकवायची सवय असते, आणि आकडे कसे वाचायचे हाच त्यांचा विषय असतो. नव्या माणसानं ओळख तिथं आधी करावी.

खिडकीच्या मर्यादेचं आणखी एक उदाहरण, कारण ते आपल्या गावाचं आहे. विडी वळणाऱ्या बायकांच्या खोकल्यावर, दम लागण्यावर बातमी करायची म्हणून तुम्ही छातीरोगतज्ज्ञांकडे जाल. ते म्हणतील, 'माझ्याकडे येणाऱ्या विडी कामगार बायकांपैकी बहुतेकींना श्वासाचा त्रास आहे.' असणारच, त्रास असल्याशिवाय कोण छातीच्या डॉक्टरकडे जातं? त्या वाक्यावरून 'बहुतेक विडी कामगारांना श्वसनविकार' असा मथळा निघाला की घोटाळा झाला. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, आपण त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावरून सगळ्या वस्तीचा अंदाज बांधला. तेव्हा विचारायचं, 'हे तुमच्याकडे येणाऱ्यांबद्दल झालं. घरी बसून विड्या वळणाऱ्या, कधीच न आलेल्या बायकांबद्दल काही पाहणी झालीय का?' चांगला डॉक्टर इथं थांबतो, विचार करतो आणि म्हणतो, 'त्याबद्दल मला सांगता येणार नाही.' हे उत्तर वहीत नीट लिहून घ्या. ते निरुपयोगी नाही, त्यावरच बातमीचा तोल असतो.

तयारीबद्दल फार लांबण लावत नाही. आजाराची मूलभूत माहिती आदल्या रात्री वाचायची, म्हणजे 'डेंग्यू कशामुळे होतो?' यात डॉक्टरांची पाच मिनिटं जात नाहीत. नव्या औषधाचा किंवा संशोधनाचा विषय असेल तर मूळ शोधनिबंधाचा निदान सारांश तरी वाचायचा. तो माणसांवर झालाय की उंदरांवर, किती जणांवर, तुलनेला दुसरा गट होता का, एवढं बघायचं. भारतात औषधाची माणसांवरची चाचणी सीटीआरआय या नोंदणीत असावी लागते. २००९ च्या जूनपासून ते बंधनकारक आहे, आणि ही नोंदणी कोणालाही ऑनलाइन बघता येते. 'आमच्याकडे नवी उपचारपद्धती सुरू झालीय, ट्रायल चालू आहे,' असं कोणी म्हणालं की नम्रपणे नोंदणी क्रमांक मागायचा. कधी लगेच मिळतो. कधी विषयच बदलतो, आणि मग तुमची बातमीही बदलते.

वेळ. खासगी डॉक्टरांची सकाळची ओपीडी दुपारी दोनच्या पुढं लांबते, संध्याकाळची रात्री उशिरापर्यंत. दुपारी शेवटचा पेशंट आत गेला की बाहेर एमआर लोक, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बॅगा घेऊन उभेच असतात. त्यांच्या रांगेत बसू नका. तुमचा नंबर येईपर्यंत डॉक्टरांना जेवणाचे वेध लागलेले असतात. आदल्या दिवशी रिसेप्शनला नाही, थेट डॉक्टरांना छोटा मेसेज करा: विषय काय, बातमी कोणासाठी, किती मिनिटं हवीत, कधीपर्यंत हवीत. 'वीस मिनिटं' लिहिलं तर वीसच घ्या. विसाव्या मिनिटाला स्वतःहून उठलात तर पुढच्या वेळी चाळीस मिळतात. सिव्हिलमध्ये आधी अधिष्ठाता किंवा अधीक्षकांच्या कार्यालयातून परवानगी, मग विभागप्रमुख. हा फेरा चुकवून एखाद्या निवासी डॉक्टरला जिन्यात गाठून बोलतं केलंत तर बातमी तुमची होते आणि मेमो त्याला मिळतो. तसं करू नये. वॉर्डातले मामा, मावशी आणि सिस्टर यांच्याशी मात्र ओळख ठेवा. बातमीत त्यांचं नाव घालायचं नसतं, पण कुठल्या वॉर्डात खाटा पुरेनात हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

आता प्रत्यक्ष विचारणं. सुरुवात मताच्या प्रश्नानं कधीच करू नका. 'सध्याच्या परिस्थितीबद्दल काय सांगाल?' याला उत्तर म्हणून भाषणच मिळतं. त्याऐवजी, 'या पंधरवड्यात तुमच्या ओपीडीत मागच्या महिन्यापेक्षा काय वेगळं दिसतंय?' माणूस डोळ्यांपुढचं आठवायला लागला की भाषण विसरतो. तसंच 'प्लेटलेट किती झाल्या की धोका?' हा प्रश्न वाचकाच्या मनातला आहे खरा, पण तो तसाच विचारला तर एक आकडा मिळतो आणि तो आकडा घेऊन लोक रक्तपेढ्यांपुढं उभे राहतात. मी विचारते, 'तापाचे दोन पेशंट समोर आले, तर कोणाला दाखल करायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे तुम्ही कशावरून ठरवता?' मग डॉक्टर सांगतात ते खरं कामाचं असतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, माणूस मलूल होणं, यांवर त्यांची नजर असते. रक्त किती दाट झालंय हे ते प्लेटलेटपेक्षा बारकाईनं बघतात, कारण डेंग्यूत माणूस दगावतो तो बरेचदा रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळं. आणि ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमका तोच काळ जपायचा असतो. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या चढवायची सहसा गरज नसते, हेही ओघात येतं. निर्णय कसा घेता हे विचारलं की तज्ज्ञाचं ज्ञान बाहेर येतं. माहिती विचारली तर पाठ्यपुस्तक बाहेर येतं.

आणि तुमच्या कॉमर्सच्या पदवीचा, सोलापूरच्या राहणीचा उपयोग कुठं होतो ते सांगते. पीएसएमच्या एका मॅडमशी बोलत होते. त्या म्हणाल्या, 'पाण्याचे साठे आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे करावेत.' प्रत्येक सरकारी पत्रकात असतं तेच वाक्य. मी म्हटलं, 'मॅडम, आपल्याकडे कित्येक भागांत नळ चार-पाच दिवसांनी येतो. घरात सात माणसं. दोनशे लिटरचं बॅरल ती बाई ओतून कसं देईल?'

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, 'ओतून द्यायचं नाहीच. ज्या दिवशी पाणी येणार त्या दिवशी बॅरल तळाला गेलेलं असतं ना? तेव्हा काथ्यानं आतून घासायचं. आणि तळापेक्षा कडा जास्त घासायच्या.'

'कडा का?'

'एडिस डास अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवतो. नुसतं पाणी ओतलं तर अंडी तिथंच राहतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पाणी भरलं की त्यातून अळ्या.'

'आणि झाकण ठेवलं तर?'

'झाकणाला फट राहते. जुनं सुती कापड ताणून बांधायला सांगा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आम्ही आठवडा म्हणतो. तुमचं पाणी पाचव्या दिवशी येत असेल तर दर वेळी घासलं की झालं.'

'साठे कोरडे करावेत' आणि 'नळ यायच्या आधी बॅरलच्या कडा काथ्यानं घासा' यांत किती फरक आहे ते बघा. दुसरं वाक्य त्यांना माहीत होतंच, पण कोणी विचारलं नव्हतं. ते विचारायला वैद्यक लागत नाही. आपल्या वाचकाच्या घरातलं बॅरल माहीत असावं लागतं. तज्ज्ञांचा सल्ला वाचकाच्या घरात नेऊन बघायचा आणि तो जिथं अडतो तिथं प्रश्न विचारायचा.

'कशावरून' विचारायची सभ्य पद्धत आता. सरळ 'पुरावा काय?' म्हटलं तर समोरचा आक्रसतो. मी म्हणते, 'सर, हे वाचून कोणी मला फोन केला, तर मी काय सांगू? हे तुमच्या अनुभवातून आहे, अभ्यासातून आहे की मार्गदर्शक सूचनांत आहे?' म्हणजे शंका माझी नसते, वाचकाची असते. तिन्हींचं वजन वेगळं आहे आणि बातमीतही ते वेगळं दिसलं पाहिजे. 'माझ्या अनुभवात' असेल तर तसंच लिहा, त्यावर 'संशोधनातून सिद्ध' असं कलम करू नका. दुसरा माझा आवडता प्रश्न: 'तुमच्याच क्षेत्रातला कोणता जाणकार या बाबतीत तुमच्याशी सहमत होणार नाही, आणि त्याचं म्हणणं काय असेल?' खरे जाणकार या प्रश्नानं खुलतात, विरोधी बाजू तुमच्यापेक्षा चांगली मांडून दाखवतात. 'असं कोणीच नाही' म्हणणाऱ्यांच्या बाबतीत दुसरा फोन नक्की करा.

न समजलेलं लपवू नका. 'समजलं नाही' म्हणायला संकोच वाटत असेल तर उलट बाजूनं जा: 'मी आत्ता समजलेलं बोलून दाखवते, चुकलं तिथं थांबवा.' मग तुमच्या साध्या मराठीत सांगा. डॉक्टर हमखास एक-दोन ठिकाणी थांबवतात, आणि ती दुरुस्ती बहुतेक वेळा आधीच्या दहा मिनिटांपेक्षा मोलाची असते. शिवाय छापण्याजोगं मराठी वाक्य त्यांच्याच तोंडून तिथं तयार होतं. आकडे, औषधांची नावं, मात्रा मात्र त्यांनाच वहीत लिहायला सांगा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे आणि ऐकताना तो निसटतो.

टक्केवारी आली की सावध. 'या गोळीनं धोका निम्म्यानं घटतो' हे वाक्य ऐकलं की विचारा, 'हजार माणसांनी गोळी घेतली नाही तर किती जणांना त्रास होतो, आणि घेतली तर किती जणांना?' दोनाचा एक झाला असेल तरी पन्नास टक्के घट, आणि दोनशेचे शंभर झाले तरी पन्नास टक्केच. पहिल्यात ९९८ जणांना तसंही काही होणार नव्हतं. हे गणित तुम्ही कॉमर्सवाल्या आम्हाला शिकवाल.

एकाच वाक्यात दोन प्रश्न अडकलेले असतात, ते सोडवायची सवय लावा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि राज्यातला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला. रुग्ण पुण्याहून आलेला होता. सगळीकडे एकच प्रश्न: 'हा आजार पसरतो का?' याचं 'नाही' हे उत्तरही दिशाभूल करतं आणि 'हो' हेही. गुलेन बारी एकाकडून दुसऱ्याला होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते, पायांतून अशक्तपणा वर चढतो. पण बरेचदा त्याच्या आधी एखादा संसर्ग झालेला असतो, त्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जिवाणू प्रमुख, आणि तो दूषित अन्नपाण्यातून पसरतो. म्हणून विचारायचं, 'आजार पसरतो का?' आणि वेगळं, 'आजाराला निमित्त होणारा संसर्ग पसरतो का?' तसंच 'संशयित' हा शब्द मथळ्यातून गाळायचा नाही. डेस्कवर जागा कमी पडली की पहिला तोच उडतो. तो गाळू नये असं कॉपीच्या, म्हणजे लिहिलेल्या बातमीच्या, वर ठळक लिहून पाठवा.

दुसरी बाजू घ्यायची म्हणून वैद्यकीय बातमीत कोणालाही आणून बसवू नका. राजकारणात सत्ताधारी आणि विरोधक, तसं इथं कर्करोगतज्ज्ञ आणि काढ्यानं कॅन्सर बरा करणारा महाराज, असं होत नसतं. दुसरी बाजू म्हणजे त्याच विषयातला, या संशोधनाशी किंवा रुग्णालयाशी देणंघेणं नसलेला माणूस. कॅन्सर, मधुमेह अशा आजारांवर हमखास गुणाच्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद आहे. तीच गोष्ट मुलाखत म्हणून छापली की त्याची फुकटात जाहिरात होते.

जाहिरातीवरून आठवलं. एक जुलैला डॉक्टर्स डेची पुरवणी निघेल, आणि जाहिरात विभाग यादी देईल की या-या डॉक्टरांची मुलाखत घ्या. त्या लिहाव्या लागतात, नोकरी आहे. पण त्या मुलाखतीतली वाक्यं उचलून बातमीत तज्ज्ञांचं मत म्हणून वापरू नका, आणि त्या पानावर जाहिरात असल्याचं लिहावं, हा आग्रह धरा. आर्थिक हितसंबंधाचा प्रश्नही प्रत्येकाला विचारायचा, शेवटी, सहज स्वरात: 'हे मला सगळ्यांनाच विचारावं लागतं, या औषधाच्या कंपनीकडून व्याख्यानाचं मानधन वगैरे काही आहे का?' असलं म्हणजे डॉक्टर वाईट असं नाही. वाचकाला कळलं म्हणजे झालं.

डॉक्टर नाव, फोटो द्यायला का कचरतात, तेही समजून घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्वतःची जाहिरात होईल अशा मुलाखती द्यायला मनाई आहे. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता अशा विषयांवर स्वतःच्या नावानं लिहायला, बोलायला मोकळीक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये लिहा की विषय आजाराचा आहे, रुग्णालयाचं नाव ओळखीपुरतं येईल, 'सोलापुरात प्रथमच यशस्वी शस्त्रक्रिया' छापाचं काही नाही. बरेच डॉक्टर तेवढ्यावर तयार होतात.

प्रश्न आधी पाठवायचे का? विषय आणि मुद्दे पाठवा, आकडेवारी हवी असेल तर ती नेमकी कोणती हे नक्की पाठवा, कारण ती काढायला वेळ लागतो. पूर्ण प्रश्नावली पाठवू नका. पाठवली की टाइप केलेली उत्तरं येतात, पुष्कळदा दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेली, आणि उलटप्रश्नाला जागा उरत नाही. अडचणीचा प्रश्न मात्र अचानक अंगावर फेकायचा नाही. 'ऑक्सिजनच्या बिलाबद्दलही बोलायचंय' एवढं आधी सांगून ठेवावं.

कॉपी दाखवायची का, यावर पत्रकारांत दोन तट आहेत. तुमच्या दैनिकाचं धोरण असेल तर तेच पाळा. मी पूर्ण बातमी दाखवत नाही, कारण मग त्यात दुसऱ्यांनी काय म्हटलंय तेही दिसतं आणि सगळ्यांचीच वाक्यं गुळगुळीत व्हायला लागतात. पण वैद्यकीय तपशील असलेली वाक्यं आणि त्यांच्या तोंडची विधानं फोनवर वाचून दाखवते. आधीच सांगते, 'तथ्य चुकलं असेल तर बदलीन, मत बदललं असेल तर तेही ऐकून घेईन, पण बोललेलं नाही असं म्हणू नका.' रेकॉर्डिंग परवानगी घेऊनच करा. आणि ओपीडी चालू असताना करू नका. मधेच पेशंट आत येतो, नाव-गाव-आजार सगळं तुमच्या फोनमध्ये.

पेशंटबद्दल डॉक्टरांकडून कधी ओळख मागू नये. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे, मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांची माहिती संमतीशिवाय माध्यमांत द्यायला त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाई केलीय, लैंगिक अत्याचारग्रस्त बालकांची ओळख पॉक्सो या बालसंरक्षण कायद्यानुसार देता येत नाही. पण कायद्यात बसतं तेही जपून लिहा. 'अशोक चौकातील एका यंत्रमाग कामगाराची ३४ वर्षीय पत्नी, दोन मुलांची आई' एवढं लिहिलं की नाव न छापताही गल्लीला कळतं. पेशंटशी बोलायचं असेल तर डॉक्टरांना म्हणा, 'माझा नंबर त्यांना द्या, त्यांना वाटलं तर त्या करतील.' आणि तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या बाईंशी बोलताना घरातल्या पुरुषाला दुभाषा करू नका. वस्तीतल्या आशा सेविकेला विचारा, कोणीतरी ओळखीची बाई मिळते.

मुलाखत संपताना वही मिटण्याआधी एक विचारा: 'या विषयावर छापून येणाऱ्या बातम्यांत तुम्हाला नेहमी काय खटकतं?' डॉक्टरांकडे याची यादी तयार असते. एकदा एका बालरोगतज्ज्ञांनी मला निरोप देता देता, दारात उभं राहून लसीच्या तापाबद्दल जे सांगितलं, ते आतल्या सगळ्या मुलाखतीत आलं नव्हतं. म्हणून पेन खिशात टाकायची घाई करू नका, आणि दारातलं बोलणं छापायचं असेल तर तिथंच विचारून घ्या, 'हे नावानिशी चालेल ना?'

छापून आल्यावर कात्रण पाठवा, सोबत 'काही चुकलं असेल तर कळवा' एवढी ओळ. चूक निघाली तर शुद्धिपत्रासाठी डेस्कच्या मागे लागा, ऑनलाइन आवृत्तीत त्याच दिवशी दुरुस्ती करून घ्या, आणि ती झाल्याचं डॉक्टरांना परत कळवा.